सेवेचं पाचारण (देवाची हाक) माझं की आईचं? कसं ओळखायचं?

नगरी_हिशेबनीस

सगळ्यांना जय ख्रिस्त. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ३३. एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, बिलं, जीएसटी रिटर्न, दिवसभर हेच. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत. आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पणजोबांपासून. आजी बायबलबाई होती, जुन्या लोकांना माहीत असेल, मिशनच्या काळात या बायका खेड्यापाड्यात पायी फिरून घराघरात बायबल वाचून दाखवायच्या, बायकांना अक्षरओळख करून द्यायच्या.

आता भानगड अशी आहे की आईची माझ्याआधीची दोन मुलं गेली. मी पोटात असताना तिने बायबलमधल्या हन्नासारखं (शमुवेलची आई) देवाला सांगून टाकलं की हा जगला तर तुझ्या सेवेला देईन. हे मला कळायला लागल्यापासून ऐकवलंय. संडे स्कूलला वचन पाठ नसलं की 'पाळक होणार ना तू, मग?' (पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू.) बारावीनंतर सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचा, फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता तिने, मी गुपचूप बी.कॉम.ला अ‍ॅडमिशन घेतली. बायबलमधला योना देवाने सांगितलेलं काम टाळून पळाला आणि त्याला माशाने गिळलं, तसा पळालो म्हणा. फरक एवढाच की मला माशाने नाही, टॅलीने गिळलं.

एवढी वर्षं बरं चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात एक झालं. आमच्या पाळकसाहेबांकडे नऊ गावं आहेत. मंडळीतले (चर्चच्या सभासदांतले) एक म्हातारे बाबा वारले, पाळकसाहेब दुसऱ्या गावी लग्न लावायला गेलेले, मधल्या ओढ्याला पाणी आलं, यायचा रस्ताच बंद. इकडे कबरस्तानात सगळे उभे, पाऊस भुरभुर चालू, खड्ड्यात पाणी साचायला लागलं म्हणून दोन पोरं तेलाच्या डब्याने ते उपसतायत. कुणीतरी म्हणालं अरे ह्याला सांगा, हा संडे स्कूल घेतो. आणि उपासनेचं पुस्तक माझ्या हातात. मी ९० वं स्तोत्र काढलं आणि दुसऱ्या ओळीलाच आवाज बसला, अक्षरं दिसतायत पण तोंडातून येईनात. तेव्हा बाबांच्या बायकोने, आजीने, माझं उजवं मनगट धरलं. ती काही बोलली नाही, फक्त धरून ठेवलं. मग कसंबसं वाचलं, प्रार्थना केली, काय बोललो आठवत नाही. तिने शेवटपर्यंत हात सोडलाच नाही, मातीसुद्धा मला डाव्या हाताने टाकावी लागली.

तेव्हापासून दर बुधवारी कामावरून सुटलो की त्या आजीकडे जातो. ती चहा ठेवते, मी एक अध्याय वाचतो, मग ती बाबांच्या तक्रारी सांगते (वारलेल्या माणसाच्या तक्रारी, पण सांगते). तिचं ऐकून शेजारच्या दोन घरांनी बोलावलं, आता चार घरं झालीत. ऑफिसात एक्सेल उघडी असते आणि डोक्यात ती घरं.

आणि मग मागच्या महिन्यात एका कन्व्हेन्शनला बाहेरून आलेल्या प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून माइकवर जाहीर केलं की देव सांगतोय हा पाळक होणार. आई स्टेजसमोर ओक्साबोक्शी रडली. मला मात्र, खरं सांगतो, आत काहीच झालं नाही. उलट मनात आलं की ह्यांना आधी कुणी सांगितलं असेल का. आणि असं मनात आलं म्हणून मग अपराधी वाटलं ते वेगळंच.

तर प्रश्न असा की पाचारण नक्की कळतं कसं? आवाज येतो का, स्वप्न पडतं का? मला आलेलं खरं की आईने लहानपणापासून भरवलेलं? नोकरी सोडून सेमिनरीला जायचं म्हणजे पोरखेळ नाही, होम लोन आहे. बायकोशी अजून नीट बोललो नाहीये.

निवृत्त_पाळक_सोलापूर

बाळा, सलाम. तीस वर्षं पाळकपण केलं, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून मोबाइलवर तुमचं वाचतो. टाइप करायला वेळ लागतो, पण तुझं वाचून राहवलं नाही.

तू हन्ना म्हणालास ना, मग १ शमुवेल नीट वाच. पहिल्या अध्यायात हन्ना नवस बोलते, पोरगं, म्हणजे शमुवेल, दूध सुटल्यावर शिलोच्या मंदिरात आणून सोडते. तो आईचा भाग, तिथे संपला. पाचारण तिसऱ्या अध्यायात आहे. मधल्या काळात पोरगं मंदिरातच राहतंय, काम करतंय, आणि तरी लिहिलंय की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. म्हणजे आईने मंदिरात नेऊन ठेवलं तरी हाक आपोआप येत नाही, देवाला त्याच्या नावाने वेगळी मारावी लागली. तुझ्या आईने तिचं काम केलं. पुढचं तिच्या हातात नाही आणि तिच्या डोक्यावर ओझंही नाही, हे तिलाही कधीतरी सांग.

दुसरं. हाक आली तेव्हा शमुवेलला काय वाटलं? मंदिराचा म्हातारा याजक एली बोलावतोय. तीनदा उठून त्याच्याकडे पळाला. म्हणजे देवाची हाक ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखीच वाटते, ढगातून गडगडाट होईल याची वाट बघत बसू नकोस. मला विचारशील तर तुझी हाक म्हणजे त्या म्हातारीने मनगट धरलं तीच, पण हे मी आपलं म्हणतोय, शिक्का मारायचा अधिकार मला नाही. आणि ओळखलं कुणी? स्वतः शमुवेलने नाही, एलीने. त्याची नजर गेलेली, पोरं वाया गेलेली, तरी ओळखलं त्याने. म्हणून म्हणतो एकट्याने खोलीत बसून हे सुटणार नाही. प्रेषितांची कृत्ये १३ बघ, अंत्युखियाची मंडळी उपासात बसलेली असताना बर्णबा आणि शौलाला (म्हणजे पौलाला) वेगळं काढलं, मंडळीने हात ठेवले. दोघं तिथे वर्षभराहून जास्त शिकवत होते, सगळ्यांनी पाहिलेले. रस्त्याने आलेला कुणी माइकवर बोलला असं नाही.

तिसरं कुणी प्रवचनात सांगत नाही. पाचारण झाल्यावर शमुवेलने काय केलं? सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून मंदिराची दारं उघडली. रोजचं काम. आणि जो निरोप मिळाला होता तो आपल्याच साहेबाच्या, म्हणजे एलीच्या, घरादाराविरुद्ध, म्हणून सांगायला घाबरत होता. पाळकपण साधारण असंच असतं.

आता व्यवहार. आपल्याकडे कुणी उठलं आणि पाळक झालं असं नसतं हे तुला माहीत असेलच. पाळकाचं पत्र, पास्टोरेट कमिटीची (स्थानिक मंडळीची) शिफारस, मग डायोसिसची (बिशपच्या हाताखालच्या विभागाची) मुलाखत, त्यात मेडिकलपासून घरच्या परिस्थितीपर्यंत सगळं विचारतात, मग सेमिनरी. सेरामपूरचा बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) म्हणजे ग्रॅज्युएशननंतर चारेक वर्षं, हिब्रू-ग्रीक धरून. (सेरामपूर म्हणजे तुमच्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, मिशनरी विल्यम केरी साहेबांचं, कॉलेज १८१८ चं. एक मुलगा खरंच श्रीरामपूरच्या एसटीत बसायला निघाला होता.) बी.डी. झाल्यावरही आधी परिवीक्षा, मग डीकन, मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). म्हणजे आज सुरुवात केलीस तरी चाळिशी गाठशील. पगार बिशपला सांगून वाढत नाही आणि वेळेवर येईलच असं नाही, क्वार्टरचं छप्पर गळतं, तीन-चार वर्षांनी बदली, पोरांच्या शाळा बदलतात. कमिटीत दोन पार्ट्या असतात आणि दोन्ही तुझ्यावर नाराज असतात.

एवढं सांगून तुला पळवून लावायचं नाहीये. सहा महिने तुझ्या पाळकसाहेबांच्या मागे मागे हिंड. उपासनेला नाही, इतर दिवशी. दवाखाना, कोर्टाची भांडणं, दारूवाल्याचं घर, कबरस्तान. तरी मन तिकडेच ओढलं तर बघू.

जिवंत_पाणी_७७७

भाऊ एवढी कागदपत्रं कशाला. येशूचा शिष्य पेत्र कुठल्या सेमिनरीला गेला होता, मासे पकडत होता, प्रभू म्हणाला माझ्यामागे ये आणि जाळी सोडून निघाला, कमिटीची मीटिंग नाही बोलावली. तुला अभिषेक मिळालाय, प्रचारकाने सांगितलंय, आणखी काय पाहिजे. आमच्या फेलोशिपचे पास्टर पाचवी पास आहेत आणि चारशे लोक येतात. शंका करणं हाच अविश्वास आहे. नोकरी सोड आणि विश्वासाने पाऊल टाक, होम लोन देव बघेल.

वॉर्डातली_ताई

होम लोन देव बघेल हे बँकेला सांगून बघा एकदा भाऊ 🙂

हिशेबनीस दादा, मी पाळकाची मुलगी, आता सरकारी दवाखान्यात नर्स. तुमचं सगळं वाचलं, मन भरून आलं, पण शेवटच्या ओळीला अडकले. 'बायकोशी अजून नीट बोललो नाहीये.' म्हणजे इथल्या दोनशे अनोळखी लोकांना आधी आणि तिला नंतर? राग मानू नका पण माझ्या आईने हेच भोगलंय. पप्पांना पाचारण झालं आणि आईला ट्रान्सफर झाली. तिच्या नोकरीचं काय, हे कुणी विचारलंच नाही. महिला मंडळ तिने चालवायचं, पाहुण्यांचा चहा तिने करायचा, नाताळात शंभर माणसांना करंज्या-चकल्या तिने पुरवायच्या, सगळं बिनपगारी. तिला कुणी विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, खूप चांगली बोलायची ती, पप्पांपेक्षा चांगलं. पण विचारलं नाही.

रेव्हरंड टिळकांचं उदाहरण सगळे देतात. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या नाहीत, काही वर्षं दुराव्यात गेली, आणि त्या आल्या तेव्हा स्वतःच्या पायाने आल्या, स्वतःचं पटलं म्हणून. टिळकांचं ऑर्डिनेशन (पाळक म्हणून दीक्षा) १९०४ चं, बाप्तिस्म्यानंतर नऊ वर्षांनी. आणि एवढं करून १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगारावर पाणी सोडलं आणि 'देवाचा दरबार' ही भक्तमंडळी काढली, दोन वर्षांत गेले. म्हणजे पाचारण एकदा आलं आणि फाइल बंद असं त्यांच्याही बाबतीत झालं नाही. पण पगार सोडायचा निर्णय घरात कुणाच्या पोटावर येतो ते बघा.

अजून एक. तुम्ही पुरुष म्हणून सगळे थेट 'पाळक होणार' म्हणतात. मी रात्रपाळीत कितीतरी पेशंटचे हात धरून बसलेय, मला कुणी स्टेजवर बोलावून सांगितलं नाही. आपल्याकडे आता बायकाही पाळक होतात, तिकडे सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ ला पुष्पा ललिता नंद्याल डायोसिसच्या बिशप झाल्या. पण मला नाही व्हायचं पाळक. माझं काम मला सापडलंय. तुमचं काम आत्ता बुधवारी चार घरात चाललंय ते सेवा नाही का? त्याला पाळकाची कॉलर लागतेच का?

वसईचा_धाकटा

आम्ही कॅथलिक, आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी, कारण फादर व्हायचं म्हणजे लग्न नाहीच, त्यामुळे बायकोला विचारायचा प्रश्न येत नाही, आईला मात्र येतो. आमच्या वसईत प्रत्येक गावातून फादर आणि सिस्टर गेलेत, घरातला एक फादर म्हणजे आईची मान ताठ. मोठा भाऊ दहावीनंतर गेला. सात वर्षं काढली, फिलॉसॉफीपर्यंत पोचला. मग एका मे महिन्यात ट्रंक घेऊन परत आला, न सांगता. मी तेव्हा नववीत होतो. अंगणात ट्रंक ठेवली आणि विहिरीवर पाय धुवायला गेला, आई ओटीवरून बघत होती, एक शब्द बोलली नाही, आत जाऊन भात टाकला.

वर्षभर लोक कुजबुजले. 'पोरीचं काहीतरी असेल.' पोरीचं काही नव्हतं. त्याचं तो नंतर एकदा मला म्हणाला की मी तिथे रोज प्रार्थनेत देवाशी बोलायचो आणि उत्तर मम्मीच्या आवाजात यायचं. तुम्ही लिहिलंय ना 'माझं की आईचं', ते वाचून अंगावर काटा आला.

पण एक सांगायचं राहिलं. त्याच्या स्पिरिच्युअल डायरेक्टर फादरनीच त्याला सांगितलं होतं की तू जा, सेमिनरी ही पाचारण तपासायची जागा आहे, 'नाही' असं उत्तर मिळालं तर तेही उत्तरच. आज भाऊ शाळेत शिकवतो, दोन पोरं आहेत, पॅरिशचा क्वायर तोच बघतो. अपयशी वगैरे काही नाही. तेव्हा मात्र कुणी असं म्हणालं नाही त्याला.

निवृत्त_पाळक_सोलापूर

जिवंत पाणी भाऊ, पेत्राला सेमिनरी नव्हती हे खरं, पण तीन वर्षं गुरूच्या पायाशी बसला होता, दिवसरात्र, आणि तरी कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं. केरी साहेब बूट शिवायचे, शाळा फारशी नाही, पण बूट शिवता शिवता लॅटिन-ग्रीक-हिब्रू शिकले, आणि त्यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. पाचवी पास माणसाला देव वापरतो, यात वाद नाही. पण त्याला हिशेब विचारणारं कुणी असावं. तुमच्या फेलोशिपमध्ये चारशे लोकांचं दान कुणाच्या खात्यात जातं एवढं एकदा विचारा, मग बोलू. आणि शंका म्हणजे अविश्वास असेल तर गिदोनाचं काय करायचं? देवाकडून खूण मागायला त्याने लोकर दोनदा ठेवली, एकदा ओली मागितली एकदा कोरडी, देव रागावला नाही.

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून माझीच बायको डोळ्यासमोर आली. मीही विचारलं नव्हतं. ती आता नाही.

जिवंत_पाणी_७७७

दानाचं काय ते पास्टरना माहीत. माझा मुद्दा विश्वासाचा होता. असो, प्रार्थना करतो भावासाठी.

पौलाचा_तंबू

थोडक्यात लिहितो, मी आयटीत आहे पिंपरीला. माझंही असंच होतं, मी नोकरी सोडली नाही. पौल तंबू शिवून पोट भरायचा करिंथात, प्रिस्किल्ला आणि अक्विलाबरोबर, कृत्ये १८. मी सेरामपूरचाच बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) करतोय, तो घरी बसून बाहेरून देता येतो, असाइनमेंट रात्री लिहितो. पाळक होईन की नाही माहीत नाही, पण निदान प्रवचन ऐकताना आता कळतं की कुठे फेकाफेक चाललीय 😄 पुण्यात असाल तर बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत एकदा चक्कर मारून या, नुसतं बघायला, लायब्ररीत बसा, तिथल्या मुलांशी बोला. (ते आधी यवतमाळला होतं, १९८३ ला पुण्याला आलं, आमचे एक काका यवतमाळच्या काळातले आहेत, त्यांना अजून 'यवतमाळ सेमिनरी'च म्हणायचं असतं.) फॉर्म भरायच्या आधी जागा बघितलेली बरी.

नगरी_हिशेबनीस

दोन आठवडे उत्तर दिलं नाही, माफी असावी. सगळ्यांचं चार-चार वेळा वाचलं.

ताई, तुमचा मेसेज वाचला त्याच रात्री बायकोशी बोललो. मुलगी झोपल्यावर, गच्चीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला वाटलंच होतं, बुधवारी तू घरी येतोस तेव्हा तुझा चेहरा वेगळा असतो, सोमवारचा आणि बुधवारचा नवरा वेगळा आहे. मग म्हणाली, 'पण माझी शाळा मी सोडणार नाही, आणि चहा फक्त माझ्या पाहुण्यांना करणार.' हे लेखी पाहिजे का विचारलं तर हो म्हणाली. आणि एक म्हणाली ते मला सुचलंच नव्हतं, की त्या चार घरातली एक बाई तिच्या शाळेतल्या पोराची आई आहे, पुढच्या बुधवारी मीपण येते.

वसईकर, तुमच्या भावाचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आईला मी तिसरा अध्याय वाचून दाखवला. तिला पहिला तोंडपाठ, तिसरा ऐकताना मात्र गप्प बसली. मग म्हणाली, 'म्हणजे मी दिलं ते दिलं, घेतलं की नाही ते त्याने त्याचं बघावं.' आणि कणीक मळायला गेली. मला वाटलं होतं रडेल. जेवताना भाजीत मीठ जास्त झालं होतं, एवढंच.

पाळकसाहेबांकडेही गेलो. मी भीत भीत सांगितलं तर ते हसायलाच लागले, म्हणाले कबरस्तानातलं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, वर्षभर वाट बघतोय तू कधी येतोस. मी म्हटलं मग बोलला का नाहीत, तर म्हणाले एलीनेसुद्धा तिसऱ्या वेळी ओळखलं, तुझी आत्ता दुसरी आहे. सेमिनरीचं पुढच्या वर्षापर्यंत काढायचंच नाही असं ठरलंय. बी.सी.एस.ची माहिती मागवलीय. येत्या रविवारपासून उपासनेनंतर त्यांच्याबरोबर दोन गावं करायची. त्यांची स्कूटर गॅरेजात आहे त्यामुळे माझ्या गाडीवर.

निवृत्त_पाळक_सोलापूर

पेट्रोलच्या पावत्या ठेव. कमिटी मागते.